आमचं खातं पूर्ण डिस्ट्रेस्ड आहे

ति. ताई,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून तूर्त खुर्चीत बसूनच, भाव मात्र पूर्ण आडवा). तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, की अजून भाऊजीच वरच्या खोलीतून तुझी पुस्तकं खाली आणून देतात? भाऊजींना म्हणावं, ऐकायचं यंत्र शर्टाच्या खिशात ठेवून ऐकू येत नसतं, ते कानात घालायचं असतं. तुझा आवाज चढला असेल तेवढ्यापुरतं काढून ठेवलं तर माझी हरकत नाही. आम्ही इकडे खुशाल आहोत.

आता मुद्द्याचं. तुझ्या भावजयीने तुला फोनवर काय सांगितलं ते मला माहीत आहे, कारण ती स्वयंपाकघरात बोलत होती आणि मी बाहेर वर्तमानपत्र उलटं धरून बसलो होतो. ‘यांनी इंग्रजी पाजळलं आणि एका भल्या बाईची नोकरी घालवली,’ हे तिचं वाक्य. ताई, नोकरी गेलेली नाही. बदली झाली आहे, तीही तात्पुरती, आणि काय ते येत्या गुरुवारच्या चौकशीत ठरायचं आहे. माणसाने शब्द तोलून वापरावेत. तू जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलंस, तुला हे सांगायची गरज नाही. गरज आहे ती तिला. म्हणून खरी हकीकत क्रमाने लिहितो.

आमचा कारखाना स्प्रिंगांचा, हे तुला माहीत आहे. पण माझं खातं नेमकं काय करतं हे तू कधी विचारलं नाहीस (भाऊजींनी एकदा विचारलं होतं, पण तेव्हा यंत्र खिशात होतं). तार गुंडाळून स्प्रिंग तयार झाली की तिच्या अंगात ताण राहतो. तशीच वापरली तर ती थोड्या दिवसांत वाकडी होते नाहीतर तुटते. म्हणून आम्ही ती भट्टीत ठेवतो, ठरल्या उष्णतेवर ठरला वेळ, आणि तिच्यातला स्ट्रेस काढतो. सव्वीस वर्षं मी हेच करतो आहे. त्याच्या आधी तिच्यावरचं ग्रीज काढतात, त्याला म्हणतात डीग्रीज. कापलेल्या टोकाला तारेची धारदार कड उरते, तिला म्हणतात बर; ती घासून काढली की झालं डीबर. म्हणजे ग्रीज काढलं की डीग्रीज, बर काढला की डीबर. आता तूच सांग, शांत डोक्याने सांग, स्ट्रेस काढला की काय?

तर महिन्यापूर्वी मुख्य कचेरीतून कामगारांच्या मनःस्वास्थ्याचा एक फॉर्म आला. जाड गुळगुळीत कागद, कोपऱ्यात हसऱ्या माणसाचं चित्र आणि सगळा मजकूर इंग्रजीत. खात्यात आम्ही अकरा जण. फॉर्म आल्याबरोबर दहा जणांनी माझ्याकडे पाहिलं, कारण आमच्या खात्यात इंग्रजी म्हणजे मी. (हे मी म्हणत नाही, तेच म्हणतात. नव्या यंत्राची पुस्तिका मीच वाचून दाखवतो. गेल्या वर्षी एक यंत्र उलटं फिरलं, पण ती छपाईची चूक होती.) पहिले प्रश्न सोपे होते, वय किती, झोप किती, जेवण वेळेवर होतं का. शेवटचा प्रश्न असा, की गेल्या वर्षभरात कामावर तुम्ही बहुतेक वेळ कसे असता, आणि समोर फक्त दोन चौकोन: एक स्ट्रेस्ड, दुसरा डिस्ट्रेस्ड. तिसरा चौकोन नाही. ज्याला ताण आहे त्याने पहिल्यात खूण करायची. मग ज्याला नाही त्याने कुठे करायची? मी टेबलावर हात आपटून सांगितलं, ‘मंडळी, आपण सगळे डिस्ट्रेस्ड! करा खुणा.’

एकट्या मायक्रोमीटरने शंका काढली. (हा आमचा मापं तपासणारा. घरी पोळीची जाडीसुद्धा मोजतो असं त्याची बायको सांगते.) तो म्हणाला, ‘दादा, जहाज बुडायला लागलं की डिस्ट्रेसचा संदेश पाठवतात, असं मी ऐकलंय.’ मी म्हटलं, ‘अरे, बुडताना कोण संदेश पाठवत बसेल? जीव वाचवेल की लिहीत बसेल? वाचल्यावर पाठवतात. आता ताण गेला, काळजी नसावी.’ सगळ्यांना पटलं. त्यालाही पटलं, असं त्या वेळी तरी त्याचा चेहरा सांगत होता.

खुणेखाली तीन ओळी मोकळ्या होत्या, कारण लिहायला. आणि ताई, इथे मला खरोखर मनापासून लिहावंसं वाटलं. आमच्या सुपरवायझरबाई सहा वर्षांपूर्वी आल्या. त्यांच्या आधी जे गृहस्थ होते त्यांचा आवाज भट्टीच्या आवाजावरून ऐकू यायचा. बाई कधी ओरडल्या नाहीत. टेबलावर स्प्रिंग टाकली की तिच्या आवाजावरून सांगतात, ही भट्टीत पाच मिनिटं कमी राहिली. माझी कंबर पहिल्यांदा धरली तेव्हा न बोलता भट्टीशेजारी उंच स्टूल आणून ठेवलं आणि वरून मलाच म्हणाल्या, ‘ते स्टूल अडगळीत होतं, जरा सांभाळा.’ आमचे खातेप्रमुख दोन महिन्यांनी निवृत्त होणार आणि ती जागा बाईंना मिळणार, हे जवळपास ठरलेलं होतं. म्हटलं, आपणही चार चांगले शब्द लिहून हातभार लावावा. मी मजकूर सांगितला, दहा जणांनी अक्षरशः उतरवून घेतला: ‘वी आर ऑल फुल्ली डिस्ट्रेस्ड ओन्ली बिकॉज ऑफ अवर मॅडम. बिफोर मॅडम वी वेअर ओन्ली स्ट्रेस्ड. प्लीज मेक मॅडम हेड, सो द होल फॅक्टरी विल बी डिस्ट्रेस्ड.’ स्पेलिंगची एकही चूक नाही. ते मी स्वतः तपासलं.

चौथ्या दिवशी मुख्य कचेरीतून एक समुपदेशिका आल्या. मऊ आवाज, मऊ चपला, हातात कागदी रुमालांचा डबा. मॅनेजरसाहेबांच्या शेजारची बैठकीची खोली त्यांना दिली, पडदे ओढून घेतले आणि एकेकाला आत बोलावलं. पहिला मी. त्यांनी विचारलं, हे कधीपासून वाटतंय. मी म्हटलं, सहा वर्षं, बाई आल्यापासून. त्याआधी? त्याआधी आम्ही नुसते स्ट्रेस्ड होतो. एक जण तर रजेवर गेला तो परत आलाच नाही. पण बाई आल्या आणि सहा महिन्यांत सगळं खातं डिस्ट्रेस्ड. त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘आणि सहा वर्षं तुम्ही कुणालाच बोलला नाहीत?’ मी म्हटलं, ‘बोलून काय करायचं? बाकीच्या खात्यांना कळलं तर नजर लागायची. आपण आपलं गुपचूप भोगायचं.’ (भोगायचं म्हणजे सुख भोगायचं. शब्द जरा बेताचा पडला, हे आता कळतं.) मग त्यांनी हळूच विचारलं, घरी कसं असतं. मी खरं ते सांगितलं, घरी बायको स्ट्रेस्ड असते, मी डिस्ट्रेस्ड. त्यांनी रुमालांचा डबा माझ्याकडे सरकवला. हाताला तेल होतं आणि चष्माही धुरकटला होता, मी दोन रुमाल घेऊन दोन्ही पुसलं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. पुढे अहवालात आलं, की ज्येष्ठ कामगाराला अश्रू आवरेनात.

सोमवारी बाईंना वर बोलावलं. परत आल्या त्या भट्टीच्या किल्ल्या आणि उष्णतेची वही टेबलावर ठेवायला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पॅकिंगमध्ये बसायचं, चौकशी होईपर्यंत खात्यात पाऊल टाकायचं नाही. आम्ही चहा पीत होतो. त्या एवढंच म्हणाल्या, ‘माझा इतका त्रास होत होता तर एकदा तोंडावर सांगायचं होतंत. मी बदलले असते.’ आणि गेल्या. त्रास कसला, हे अकरा जणांपैकी एकालाही कळेना. तेव्हा मायक्रोमीटरने खिशातून फोन काढला, शब्द शोधला आणि मोठ्याने वाचला. स्ट्रेस म्हणजे ताण, जो येतो जातो, कामाला लावतो, सगळ्यांनाच थोडाफार असतो, म्हणून तर तिसरा चौकोन नव्हता. डिस्ट्रेस म्हणजे तोच ताण सोसण्यापलीकडे गेलेला. हालअपेष्टा, यातना, माणूस मदतीसाठी हाका मारतो ती अवस्था. त्याने वर ‘बुडणारं जहाज’ हेही उदाहरण वाचलं, जे त्या क्षणी वाचायची काही गरज नव्हती. दहा जण पुन्हा माझ्याकडे पाहत होते, पण फॉर्म आला त्या दिवशीसारखं नाही.

मी डगमगणाऱ्यातला नाही, हे तू जाणतेस. मी तडक समुपदेशिकांकडे गेलो आणि डीग्रीज, डीबर, सगळं समजावून दिलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?’ मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, दबावाखालचा माणूस हेच म्हणतो. मग मी उरलेल्या दहा जणांना पाठवलं, आणि घोळ होऊ नये म्हणून काय बोलायचं ते पाठ करून पाठवलं. इथे माझा अंदाज किंचित चुकला. अकरा माणसं एकाच शब्दांत तक्रार मागे घेतात, म्हणजे ही सुपरवायझर किती दहशतीची असेल, असं अहवालाला नवं पान जोडलं गेलं. साहेब म्हणाले, ‘तुम्ही आता काही करू नका. कृपा करून काही करू नका.’ पण गुरुवारी चौकशी समितीपुढे मी बोलणार आहे, परवा भेटलो तेव्हा तसं समितीने लिहून घेतलं आहे. बाईंना काय झालं ते समजावून सांगायचं कामही मी माझ्याकडेच घेतलं आहे. बाकीच्यांना बजावलंय, मध्ये पडू नका, हे नाजूक असतं, मी माझ्या पद्धतीने सांगेन. तेव्हा ताई, प्रकरण योग्य हातांत आहे. तुझ्या भावजयीच्या बोलण्यावर जाऊ नकोस आणि उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

भाऊजींना नमस्कार. आज रविवार असल्यामुळे हे निवांत लिहिता आलं.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. समितीत तिघे जण आहेत आणि त्यांची अडचण एकच आहे. सव्वीस वर्षं पुस्तिका वाचणाऱ्या माणसाला एवढा साधा शब्द येत नसेल यावर त्यांचा विश्वास बसत नाही. मला इंग्रजी येत नाही हे सिद्ध झालं तर बाई सुटतात आणि त्यांची जागाही त्यांना मिळते. मी सांगून ते पटत नाही, कारण मी बोलतो आत्मविश्वासाने. तेव्हा गुरुवारी तू यावंस. तू शिक्षिका, शिवाय सख्खी बहीण. तुझं ते ऐकतील. मी नववीत असताना तू घरी माझी इंग्रजीची परीक्षा घ्यायचीस, त्यातला एखादा पेपर ठेवला असशील तर घेऊन ये. लाल शाई जास्त असलेला बघ. आणि तिथे माझी बाजू घेऊ नकोस. आईबाबांसमोर जसं सांगायचीस तसंच सगळ्यांसमोर सांग, की याला काही येत नाही, नुसता रेटून बोलतो. खात्यातले दहाही जण तिथे असतील. असू देत.

ता. क. २. जमलं तर गुरुवारऐवजी बुधवारीच ये. बाईंना सांगायचं मी माझ्याकडे घेतलं आहे असं वर लिहिलं, ते खरं आहे. अजून सांगितलेलं नाही हेही खरं आहे. बाई तिकडे गेल्यापासून रोज पॅकिंगच्या दारापर्यंत जातो. त्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत असतात. कालही गेलो. त्यांनी वर पाहिलं आणि मला बसायला स्वतःची खुर्ची दिली. मी ‘सहज आलो होतो’ म्हणून परत फिरलो. त्यांना अजून वाटतंय, की आपण सहा वर्षं अकरा माणसांना छळलं. बुधवारी संध्याकाळी तू बरोबर असलीस तर त्यांच्या घरी जाऊ. बोलेन मीच, मराठीतच बोलेन, तू फक्त शेजारी उभी राहा. ती खुर्ची आठवली की मला जे होतं, त्याला तुझ्या इंग्रजीत त्या दोनांपैकी कुठला शब्द आहे ते मला अजून नीट कळलेलं नाही. मोठा असेल तोच धर, आणि ये.