पेटीचा सूर हलत नाही

प्रिय दामिनी,

जय भीम. फोनवर आईचं नाव निघालं की तुझ्या दारावर नेमकं कोणीतरी येतं, म्हणून हे कागदावर लिहितेय. कागद आपटून ठेवता येत नाही असं मी समजते, पण तुझा काही भरवसा नाही. तेव्हा आधीच सांगते, शेवटपर्यंत वाच.

बाबांची गाण्याची मशीन मी दुरुस्त केली. हसू नकोस. बाबा गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून तू भोपाळला गेलीस आणि आई म्हणाली, ती ज्यूकबॉक्स भंगारात देऊन टाक, उगाच जागा अडवून बसली आहे. मी हो म्हटलं आणि दिली नाही. मशीनच्या पोटात आईची रेकॉर्ड होती. भीमगीतं गाणाऱ्या पार्टीत असताना गायलेली, जन्मात एकच निघालेली, आणि आपल्या दोघींच्या आठवणीत कधीच न वाजलेली. आईने पंच्याहत्तरी ओलांडली, आता तिचा बोलायचा आवाजही बसत चाललाय. तो गाताना कसा होता, ते मला ती असेपर्यंत ऐकायचं होतं. एवढंच डोक्यात होतं.

तू खूप लहान होतीस आणि मीही काही मोठी नव्हते, म्हणून ऐकलेलंच सांगते. नागपुरातलं एक मोठं हॉटेल बंद झालं तेव्हा बाबांनी ही मशीन घेतली आणि संत्री उतरवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून पांढुर्ण्याला आणली. स्टेशनसमोरच्या आपल्या हॉटेलात ठेवली. त्या काळी आपल्या हातचा चहा सगळेच पीत नव्हते. पण लोक गाणं ऐकायला रस्त्यावर उभे राहायचे, आणि उभं राहून राहून शेवटी चहा मागायचे. बाबा हे सांगताना मिशीत हसायचे. आई तेव्हा रामाकोना गावच्या पार्टीत गायची. नागपूरच्या एका छोट्या कंपनीने तिची रेकॉर्ड काढली, ती भीमजयंतीच्या आदल्या दिवशी हातात आली, आणि जयंतीला बाबांनी सगळ्या वस्तीला बोलावून हॉटेलासमोर लावली. मावशी सांगायची ते एवढंच, की गाण्यात आईचा आवाज थरथरत होता. पार्टीतलाच कोणीतरी म्हणाला, वच्छलाबाई, सूर हालून राहिला तुमचा. कोणी हसलं नाही. आई उठून घरात गेली आणि त्यानंतर कुठल्याच मंचावर चढली नाही. ती रेकॉर्ड पुन्हा लावायची नाही असं तिने बाबांना सांगितलं, आणि त्यांनी मरेपर्यंत लावली नाही.

आता माझी कर्तबगारी ऐक. ही मशीन परदेशी, तिला आपल्या घरातल्या विजेच्या निम्मीच वीज चालते. त्यासाठी बाबांनी मागे एक लोखंडी डबा जोडला होता. मला वाटलं दुसऱ्याच कशाचा आहे, म्हणून तो बाजूला काढून मी सरळ बटण दाबलं. फट् आवाज झाला आणि करपल्याचा वास सुटला. हात दाखवून अवलक्षण. नशीब, फ्यूजवर निभावलं. मग सौंसरची नोकरी सांभाळून, रविवार रविवार, मोबाईलवर एका म्हाताऱ्या गोऱ्याचे व्हिडिओ बघत बसले. त्याची भाषा अर्धी कळायची, हात पूर्ण कळायचे. उंदरांनी खाल्लेल्या वायरी बदलल्या. आतलं ग्रीस काकवीसारखं घट्ट झालं होतं, ते घासलेटने पुसून काढलं. कंडेन्सर तेवढे रेडिओवाल्याकडून बदलून घेतले, तिथे शहाणपणा केला नाही. दुसरीकडे मात्र केलाच. तबकडी फिरवणारं एक रबरी चाक असतं, त्यालाही मी मोठ्या प्रेमाने तेल पाजलं. मग ते नुसतं घसरायला लागलं. स्पिरिटने पुसलं, तरी रबर दगडासारखं झालेलं. शेवटी नागपूरहून नवं रबर चढवून आणलं.

आणि मशीन सुरू झाली गं. बटण दाबलं की आतला गाडा सरकत जातो, आपल्याला हवी ती रेकॉर्ड उचलतो आणि फिरत्या चकतीवर ठेवतो. नागपूरच्या त्या हॉटेलातून आलेली जुनी विलायती गाणी लावून पाहिली, स्वच्छ वाजली. आई दुपारी झोपलेली असताना मग तिची लावली. आवाज थरथरत होता. खरंच थरथरत होता. मावशी खोटं बोलली नव्हती. मी खाली मान घालून ऐकत राहिले, कारण बघायचं कोणाकडे ते कळेना.

पुन्हा लावली तेव्हा लक्षात आलं की आईच्या आवाजासोबत पेटीही थरथरते आहे. माणसाचा गळा हलेल, पण पेटीचा सूर कसा हलेल? बोट दाबलं की तो सरळच निघतो. त्या जयंतीला सगळ्यांचे कान गाणारीकडे होते, पेटीकडे कोणाचे असणार? मी काचेतून पाहिलं, तर तबकडीच्या प्रत्येक फेऱ्याला सुईचा दांडा डावीउजवीकडे झुलत होता. रेकॉर्ड बाहेर काढली. तुला माहीत नसेल, या मशीनला मधलं भोक मोठं लागतं आणि आपल्याकडच्या छोट्या रेकॉर्डचं भोक बारीक असायचं. एरवी बाबा ते नागपूरच्या लेथवर काम करणाऱ्या खरादवाल्याकडून मोठं करून आणायचे. या रेकॉर्डच्या वेळी जयंती दुसऱ्या दिवशी होती. भोकाच्या कडेला कानशीचे ओरखडे होते. बाबांना धीर धरवला नव्हता. त्यांनी रात्रीतून ते हातानेच घासून मोठं केलं होतं, आणि एका बाजूला केसभर जास्त घासलं गेलं होतं. म्हणून रेकॉर्ड मध्यावर न फिरता एका अंगाला झुकून फिरायची, आणि सगळेच सूर हलायचे.

ते शेवटपर्यंत म्हणायचे की कंपनीने रेकॉर्डिंग वाईट केलं. स्वतःचा हात त्यांच्या मनातही आला नाही.

मी एक बाजू थोडी घासली, दुसऱ्या बाजूला एक्स-रे फिल्मची बारीक पट्टी चिकटवली, आणि दांडा झुलायचा थांबेपर्यंत पट्टी सरकवत राहिले. तो थांबला तेव्हा आई गायली. दामिनी, कसं सांगू? भरलेला, स्थिर, मोकळा आवाज. मी रडले, हे लपवत नाही. इतकी रडले की आई कधी उठून दारात येऊन उभी राहिली ते कळलं नाही. तिने गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "कोन होय वं ही बाई? मस्त गाऊन राहिली. हे गाणं मीबी म्हनलं होतं एकदा. माह्याच्यानं असं नाई जमलं."

मी मशीन बंद केली. चहा ठेवते म्हणून आत गेले.

आता तुला लिहायचं कारण. आईला हे सांगितलंच पाहिजे, तो तिचा आवाज आहे. बाबांचं नाव त्यात येईल याची मला आधी भीती वाटली, पण ती त्यांच्यावर रागावणार नाही. त्यांनी घाई कोणाच्या कौतुकापायी केली ते तिला कळेल. मला दुसरीच भीती आहे. तुझ्या कॉलेजच्या गाण्याच्या वेळी तिने तुला दाराला कडी लावून थांबवलं, आपल्या घरात गळा नाही, लोकांत हसू करून घेऊ नको म्हणाली. त्यावर तू गाणं सोडलंस आणि हळूहळू हे घरही. खरं कळल्यावर तिला पहिली तूच आठवशील. पोरीला मी काहून अडवलं, हे ती कोणाला तरी विचारेल, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते तुला द्यायचं तर दे, नाही तर नुसती तिच्याजवळ बस. पण ये. तू येईपर्यंत मी तिला काही सांगणार नाही. ती रोज दुपारी मला म्हणते, त्या बाईचं गाणं लाव, आणि मी लावते.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
सुचिताताई