आशीर्वादाची दुसरी वेलांटी

तीर्थरूप आत्यास,

हात जोडून आणि (या वेळी) कानही धरून नमस्कार. गुडघा कसा आहे? चष्म्याचा नंबर वाढला म्हणे. का वाढला ते मला परवा कळलं, आणि तेव्हापासून माझी बोबडी वळली आहे.

तुला ठाऊकच आहे, वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर मी रोज शुद्धलेखनाचं सदर लिहितो. (वाचतं कोण, हा प्रश्न आमच्या घरातही विचारला जातो.) दर फोनवर तू म्हणतेस, छान लिहितोस रे. तेवढ्यावर मी खूश. पण आता कचेरीत भिंतीवर भला मोठा पडदा लावलाय. कोणाच्या सदराला वाचकांच्या किती प्रतिक्रिया आल्या, तो आकडा त्यावर सगळ्यांदेखत नाचतो. क्रिकेटवाल्याचा चार हजार, पाककृतीवालीचा नऊ हजार, माझा दोनशे बारा. संपादकांनी जाहीर केलं, शनिवारी ज्याचा आकडा दोनशेच्या खाली, त्याचं सदर बंद. म्हटलं, वाचलो.

आता ऐक. ते दोनशे बारा वाचक नव्हतेच! सगळ्या प्रतिक्रिया एकाच माणसाच्या, टोपणनाव 'खवट वाचक'. रोज सकाळी सहाला हजर. अनुस्वार राहिला, खवट. उकार चुकला, खवट. परवा घाईत मी मथळ्यातच 'आशिर्वाद' लिहिला (हो, पहिली वेलांटी, शुद्धलेखनाच्या सदरात, मोठ्या टायपात!) आणि खाली खवट उगवला: "गाढवा, शी दीर्घ! तिसरीत याच शब्दावर फळ्यापाशी भोकाड पसरलं होतंस ना?" अगं, सगळ्या कचेरीने वाचलं. क्रिकेटवाला टेबल बडवून हसला. माझं डोकं फिरलं. प्रतिक्रिया सांभाळायच्या यंत्रात एक लाल बटण असतं, 'कायमची बंदी'. दाबलं.

आणि पडद्यावर दोनशे बाराचं शून्य झालं! त्या यंत्राची रीतच तशी, माणसाला हाकललं की त्याचं लिहिलेलंही सगळं जातं. तोंडचं पाणी पळालं माझ्या. संगणकवाल्याचे पाय धरले. त्याने जुन्या प्रतिक्रिया कागदावर छापून दिल्या, पण आकड्यात त्या परत येत नाहीत म्हणे. ते कागद हातात घेऊन बसलो, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. तिसरीत माझं भोकाड ऐकायला वर्गात होतं कोण? चाळीस पोरं आणि तू, बाई म्हणून. पोरांना तर अजून वेलांटी येत नाही (त्यातलंच एक हा क्रिकेटवाला).

आत्या! फोनवर 'छान लिहितोस' आणि इकडे 'गाढवा'? सख्खी आत्या ना तू? मी अजून हादरलेला आहे. रागही आला, खोटं कशाला बोलू. मग सगळे कागद वाचले. दोनशे बारा दिवसांत तुझा एक दिवस चुकलेला नाही. डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्या दिवसाचाही नाही. (त्या दिवशी तू एक काना खाल्लास. तो माफ.) खरंच रडू आलं गं.

तुझा,
फळ्यापाशी उभा असलेला भाचा

ता. क. बंदी उठवली आहे. शनिवारपर्यंत दोनशे हव्यात. जुने लेख सगळे चुकांसकट जागेवर आहेत. हाणायला घे.

ता. क. दुसरा. 'गाढव' हा शब्द यंत्र कालपासून गिळतं. 'बावळट' चालतो.

ता. क. तिसरा. तुझा हात सैल व्हावा म्हणून या पत्रात एक चूक मुद्दाम ठेवली आहे.

ता. क. शेवटचा. मुद्दाम कुठली, आत्या. असेलच एखादी. तू बघतेस म्हणून तर बिनधास्त लिहितो.