नाव न घेता हाक

मु. पलूस, मार्गशीर्ष, सन १९४५

माझ्या कुंकवाच्या धन्यांस अंजनाचा वाकून नमस्कार. (नाव पाकिटावर आहे, ते बाळासो भावजींनी घातलंय.) इकडे आत्याबाई, मी आणि दोन्ही म्हशी खुशाल, तुमचा गुडघा कसा आहे ते कळवावं. लढाई संपली, तुम्ही बोटीतून उतरून बेळगावच्या छावणीत पोचलात, तरी ‘पुढच्या महिन्यात सुट्टी’ हे तुमचं पालुपद काही संपेना. चार वर्षं झाली. मला तुमची फार आठवण येते, हे आधीच लिहून टाकते, नाहीतर खालच्या भानगडीत राहून जाईल.

तर दुपारी बियाण्याच्या शेंगा फोडायला आळीतल्या बाया आपल्या सोप्यात बसतात. हात चालावेत म्हणून मी एक गोष्ट सुरू केली. एक राज्य होतं, तिथं बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं की तो घरची वाट विसरायचा. (आपल्याकडे नुसती लाज वाटते, तिथं कायदाच.) लढाईहून फौज परत आली. हजार गडी, एकसारखे कपडे, तोंडं धुळीनं माखलेली. त्यांतून एका बाईनं आपला नवरा शोधायचा कसा? इथवर मी ऐटीत आले आणि पुढचं मलाच सुचेना.

बाया हात धुऊन माझ्यामागं लागल्या. रंगूबाई म्हणाली, “पोराच्या नावानं हाक मार की, अमक्याच्या बा म्हून!” मी म्हटलं, तिला पोर नाही. (एवढं म्हणून मी शेंगांत डोकं घातलं.) बनुबाईच्या सांगण्यावरून बाईला ‘आवं’ म्हणायला लावलं, तर हजारच्या हजार गडी वळून बघायला लागले. देव, बोलका पोपट आणि साधूचा अंगारा यांना मी आधीच मज्जाव केला होता. शेवटी धोंडुबाई चिडली, “तुजीच गोष्ट हाय न्हवं? मग काढून टाक की त्यो कायदा!” पण कायदा काढला तर उरतं काय? बाई हाक मारते, तो येतो, दोघं घरी जाऊन भाकरी खातात आणि माझ्या शेंगा तशाच राहतात. कायदा होता म्हणून तर आम्ही कितीतरी दुपारी त्या बाईबरोबर माणसं न्याहाळत फिरलो. कुणाची चाल, कुणाचं खोकणं. त्यात मला तुमचीच चाल आठवेना, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

इतके दिवस आत्याबाई भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेत होत्या. त्या ताडकन उठून बसल्या. “आगं, सासूला का न्हेली न्हाई तिनं? कायदा बायकूला हाय, आईला कुटं हाय? मी मारती हाक!” आणि त्यांनी अशी हाक मारली (तुमचं लहानपणीचं नाव, पुढं ‘शेंबड्या’ लावून) की गोठ्यात म्हशी उठल्या. गोष्ट तिथं मिटली. आत्याबाई मात्र थांबल्या नाहीत. लाडू बांधून झालेत, मिरजेहून बेळगावची गाडी विचारून ठेवलीय, आणि छावणीच्या फाटकात हीच हाक मारणार म्हणतात.

तब्येतीला जपावं, थंडीवाऱ्यात गुडघ्याला त्रास देऊ नये.

तुमची,
अंजना

ता. क. पलटणीसमोर अब्रू राखायची असेल तर त्याआधी सुट्टी काढून या.

आणखी ता. क. सुट्टी मिळतच नसेल तर आत्याबाईंना थंडीचं कारण लिहून घरी ठेवा आणि मला एकटीलाच बोलवा. भावजी पोचवतील. मी हाक मारणार नाही, फाटकाशी नुसती उभी राहीन. इथं मी सूनबाई, वैनी, म्हशींची मालकीण. चार वर्षांत मला कुणी ‘अंजना’ म्हटलेलं नाही. तुम्हाला कसलाच कायदा नाही. सगळ्या छावणीला ऐकू जाईल असं म्हणा.