पान एकशे बारा, आहे तसं

मी, पुढच्या महिन्यांचा माल आजच ओरडून विकणाऱ्या वायदे बाजारात फळ्यावर खडूने भाव लिहिण्यात ऐन उमेदीची वर्षं घालवलेली, आणि नंतर त्याच बाजाराचा इतिहास लिहीत बसलेली बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिलाय. ज्यांना शंका असेल त्यांनी आधी स्वतःचं तपासून घ्यावं. माझ्यावर दबाव नाही. आणून पाहिला, पण मी जुमानला नाही. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहतं घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मं निम्मं. भांडू नये. भांडायचंच झालं तर माझ्यासारखं मुद्द्यावर भांडावं.

२. माझ्या कपाटांत ठिकठिकाणच्या वायदे बाजारांचे इतिहास आहेत: कापसाचे, साखरेचे, धान्याचे, कुठे कोणत्या खुणांनी सौदे व्हायचे, कोण तरलं, कोण बुडालं. ही सगळी पुस्तकं सार्वजनिक वाचनालयाला. बाजाराने ती मागितली होती, प्रवेशदालनात काचेआड मांडायला. वाचणार कोण, विचारलं तर म्हणे, "शोभा येते." शोभेला कुंड्या ठेवा म्हणावं! वाचनालयाने ती लोकांना घरी न्यायला द्यावीत. पानं दुमडली तरी चालतील.

३. मी लिहिलेल्या बाजाराच्या इतिहासाचं हस्तलिखित सर्व हक्कांसह मुलीला. अट एकच: पान एकशे बारा आहे तसं छापायचं.

त्या पानावर माझ्या नवऱ्याचा मृत्यू आहे. तो दलाल होता. ऐन गर्दीत साखरेची बोली ओरडता ओरडता कोसळला. मी फळ्याच्या शिडीवर होते, खडू टाकून धावले. तो खडू दुसऱ्याने उचलून पुढचा भाव लिहिला. एकाने तर त्याच्या अंगावरून हात लांब करून खरेदी केली. कोणी, ते मी लिहिलेलं नाही. त्या माणसाला नातवंडं आहेत. मी एवढंच लिहिलंय की बाजार थांबला नाही.

बाजाराचा अध्यक्ष माझा धाकटा दीर. त्याला सुवर्णमहोत्सवात माझं पुस्तक गुळगुळीत कागदावर काढायचं होतं, फक्त त्या जागी 'बाजार क्षणभर स्तब्ध झाला' असं करून. "वहिनी, त्यात दादाचाच मान वाढतो ना?" मान! पडला तेव्हा पाणी द्यायला कोणी वळलं नाही. मी नकार दिल्यावर सांगत सुटला, वहिनी तेव्हा दुःखाने भ्रमिष्ट झाली होती, तिला काय आठवणार.

मुलगा त्याच बाजारात नोकरीला. "आई, एका ओळीने काय बिघडतं?" म्हणाला.

"काही बिघडत नसेल, तर काकाला ती एवढी का झोंबते?" मी विचारलं. तो अर्ध्या जेवणावरून उठला. बाळा, तुझी अडचण मला कळते. पण तुझ्या बापाच्या मरणाची खोटी गोष्ट मी होऊ देणार नाही.

४. बँकेतली ठेव छपाईला. उरेल ते मुलीचं, कारण शिव्याही तिलाच खाव्या लागतील.

५. नवऱ्याचं सौद्याच्या वेळचं पिवळं जाकीट बाजारात चौकटीत टांगलंय. ते मी फक्त पाहायला दिलं होतं. ते मुलाला. त्याने स्वतः जाऊन, दिवसाढवळ्या, काकासमोर उतरवून आणावं. नाही जमलं तरी घराचा हिस्सा त्याचाच. मी आई आहे, अध्यक्ष नाही.

६. दिराला पुस्तकाची एक प्रत फुकट. विकत घ्यायची दानत त्याच्यात नाही. वकीलबाई म्हणाल्या, असलं मृत्युपत्रात लिहीत नाहीत. मग कुठे लिहितात?

७. मी गेल्यावर बाजाराने माझ्यासाठी शांतता पाळू नये.

साक्षीला डॉक्टर आहेत. दुसरा साक्षीदार मी मुद्दाम बोलावलाय: 'घसा', बाजारातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा दलाल. त्या दिवशी तो तिथेच होता. इतकी वर्षं मला पाहिलं की रस्ता बदलतो. येतो म्हणालाय. बघू.

स्थळ: घराची पुढची खोली
दिवस: रविवार, बाजाराला सुट्टी
(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १: बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत. (सही) डॉक्टर

साक्षीदार २: बाईंनी माझ्याही समोर सही केली. साक्षीदाराने यापुढे काही लिहायचं नसतं, ठाऊक आहे. तरी लिहितो. तो कोसळला तेव्हा मी शेजारी उभा होतो. त्याच्या अंगावरून हात लांब करून मी साखर घेतली. बाईंनी लिहिलंय ते खरं आहे. फक्त त्यांनी माझं नाव गाळलंय. छापताना ते घालावं.
(सही) घसा