रांगण्याचे औजार परत मिळणेबाबत

प्रति,
माननीय आवाज नियंत्रण अधिकारी,
नगर कार्यालय, दुसरा मजला,
खिडकी क्रमांक तीनच्या मागील खोली.

अर्जदार: निवृत्त सुतार, राहणार तिसरा मजला, डावीकडचे दार.

विषय: आपल्या कार्यालयाने जप्त केलेले सुतारकामाचे औजार हे माझ्या नातीचे बूट असल्याने ते तातडीने परत मिळणेबाबत, तसेच नातीस रांगण्याचा परवाना मिळणेबाबत.

संदर्भ: १) विनापरवाना सुतारकामाबद्दलची आपली नोटीस, दि. २.
२) जप्ती पावती, दि. ४.
३) माझा पहिला अर्ज, दि. ५ (याचा एक कोपरा नाही. कारण परिच्छेद ७ मध्ये दिले आहे.)

महोदय,

वरील विषयास अनुसरून, राग गिळून, खालीलप्रमाणे अर्ज सादर करतो.

१. मी चाळीस वर्षे सुतारकाम केले. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांनी दगा दिल्यावर दुकान बंद केले आणि परवाना आपल्याच कार्यालयात, आपल्याच खिडकीवर रीतसर परत केला. त्याची पोच माझ्याकडे आहे. तेव्हापासून मी घरात एक खिळाही ठोकलेला नाही. सूनबाईने सहा महिन्यांपूर्वी भिंतीवर लावायला दिलेले घड्याळ अजून टेबलावर उभे आहे. यावरून घरात माझी काय पत उरली आहे, तेही आपल्या लक्षात येईल.

२. असे असताना आमच्या खालच्या मजल्यावरील बाईंनी आपल्याकडे तक्रार केली की, वरून रोज सकाळी दहा ते अकरा आणि दुपारी चार ते सहा ठोकाठोकी चालते. तक्रार खरी आहे. ठोकाठोकी चालते, आणि चांगली दणदणीत चालते. ती माझी नऊ महिन्यांची नात करते. घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात.

३. हे समजण्यासाठी आपणास आधी तिचे पाय समजून घ्यावे लागतील. ती जन्मली तेव्हा तिची दोन्ही पावले आत वळलेली होती, तळवे एकमेकांकडे तोंड करून. डॉक्टरांनी दर आठवड्याला प्लास्टर बदलत पावले सरळ केली, टाचेमागची आखडलेली शीर बारीकशा छेदाने मोकळी केली आणि मग विशेष बूट दिले. या दोन बुटांच्या मध्ये एक आडवी पट्टी असते. ती पावलांना ठरलेल्या कोनात बाहेरच्या बाजूला धरून ठेवते. उपचार उशिरा सुरू झाल्यामुळे अजून दिवसाचे तेवीस तास हे बूट पायात असतात. एक तास सुटी, ती आंघोळीची, अकरा ते बारा. यात हयगय झाली की पावले पुन्हा आत वळू लागतात आणि गाडी परत प्लास्टरवर येते. डॉक्टरांनी हे सांगितले तेव्हा सूनबाई रडली. मला मात्र ते लगेच पटले. वाकवलेले लाकूडसुद्धा पुरते वाळेपर्यंत शिकंज्यात आवळून ठेवावे लागते. घाईने सोडवले तर ते मूळ वळणावर जाते आणि बोंब सुताराच्या नावाने होते.

४. नातेवाइकांनी लगेच सुरुवात केली. पायात बेडी घातलेली पोर पालथी कशी पडणार, रांगणार कशी, उभी कधी राहणार? दवाखान्यात एक तक्ता असतो. त्यावर पालथे पडणे, बसणे, रांगणे, धरून उभे राहणे असे चौकोन असतात. सूनबाई त्या चौकोनांकडे परीक्षेच्या निकालाकडे बघावे तशी बघायची. शेवटी दवाखान्यातल्या व्यायामाच्या ताईंनी आम्हाला धडे दिले. एकेका पायाने लाथ मारायला गेली तर पोर चिडेल, म्हणून पट्टी धरून दोन्ही गुडघे एकदम दुमडायचे आणि एकदम सोडायचे. पट्टीला मऊ कापड गुंडाळायचे, म्हणजे तिला आणि आम्हालाही लागणार नाही. आणि खेळणे हाताला लागेल न लागेल अशा अंतरावर ठेवायचे. हे शेवटचे काम माझ्याकडे आले, कारण घरात एवढा निर्दय दुसरा कोणी निघाला नाही. माझ्या मुलाच्या लहानपणचे लाकडी बदक मी तिच्यापुढे ठेवतो, आणि ती पोचत आली की वीतभर मागे सरकवतो. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघते, ती नजर मी फक्त वायदा टळल्यावर दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांत पाहिली आहे.

५. या बदकापायी तिने स्वतःची चाल शोधून काढली. पोटावर पडायचे, कोपरे रोवायचे, दोन्ही पाय पट्टीसकट वर उचलायचे आणि पट्टी दाणकन फरशीवर आपटून पुढे सरकायचे. एक दणका, एक वीत. कपाटापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत बारा फूट आहेत. तिला सोळा दणके लागतात. आपल्याकडे आवाज मोजायचे यंत्र आहे, माझ्याकडे फूटपट्टी आहे, हिशोब जुळवून पाहावा. खाली सतरंजी का अंथरली नाही, असे आपल्या नोटिशीत विचारले आहे. अंथरली होती. सतरंजीत पट्टी अडकते, म्हणून ही बया सतरंजीला वळसा घालून उघड्या फरशीवर येते आणि तिथे कार्यक्रम सुरू करते. गुंडाळलेले कापड दोन दिवसांत फाटते. दि. ३ रोजी दुपारी तिने मी बनवलेले स्टूल धरले आणि पट्टीसकट, दोन्ही पावलांवर, उभी राहिली. मी मोठ्याने आकडे मोजले. चारपर्यंत ती उभी होती.

६. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे दि. ४ रोजी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आपले निरीक्षक महाशय यंत्र घेऊन आले. चोवीस तासांत तेवीस तास सोडून त्यांनी नेमका हाच तास निवडला. मुलगा व सूनबाई कामावर गेलेले, दार नुसते लोटलेले. मी न्हाणीघरात कोपरापर्यंत साबणात, आणि हातात साबण लावलेली नात. ती पाण्यात असली की गप्प असते. निरीक्षकांनी घराच्या मधोमध यंत्र ठेवले, दहा मिनिटे वाट पाहिली आणि लिहिले: "निरीक्षक येताच काम बंद करण्यात आले." मग त्यांना खिडकीत वाळत ठेवलेले बूट दिसले. शेजारी माझा पेचकस होता, कारण पट्टीचे पेच मी रोज आंघोळीच्या वेळी तपासतो. पट्टीवरचे ओरखडे पाहून त्यांना गुन्हा उलगडला. मी ओरडून सांगितले, "अहो साहेब, ते पोरीचे बूट आहेत!" त्यावर ते म्हणाले, "आजोबा, बुटांना दांडा नसतो." साबण लावलेले ओले मूल हातात असताना माणसाला कोणाच्या मागे धावता येत नाही. मी इतका हतबल कधी झालो नव्हतो. दारातून पावती आत सरकवून ते निघून गेले. पावतीवर लिहिले आहे: "लोखंडी दांडा, नग एक, दोन्ही टोकांस चामडी पकड. उपयोग: अज्ञात. मालकाने सदर औजार बूट असल्याचा दावा केला." पट्टी अ‍ॅल्युमिनियमची आहे. जप्त करणाऱ्याला निदान धातू तरी ओळखता यावा. (येथे अर्जदाराने वापरलेला एक शब्द टंकलेखिकेने गाळला आहे.)

७. दि. ५ रोजी मी खिडकी क्रमांक तीनवर गेलो. तेथील बाईंचे वागणे सौजन्याचे होते, हे मी मुद्दाम नमूद करतो. त्यांनी सांगितले की वस्तू मालकालाच मिळेल, मालकाने स्वतः हजर राहावे, सही करावी आणि वस्तूचा उपयोग करून दाखवावा. मी घरी जाऊन मालकास कडेवर घेऊन आलो. मालकाने बाईंच्या गळ्यातील ओळखपत्राची फीत ओढली, शिक्क्याचा डबा खाली पाडला आणि माझ्या अर्जाचा कोपरा खाल्ला. बाईंनी व्यवसाय विचारला, मी "रांगणे" असे लिहिले. उपयोग दाखवायचा तर वस्तू हवी, असे मी म्हणालो. वस्तू कोठीत सीलबंद आहे, आणि सील तोडायचे तर आधी उपयोग सिद्ध व्हायला हवा, असे त्या म्हणाल्या. शेवटी त्यांनीच हळू आवाजात सुचवले की थेट साहेबांना लिहा. म्हणून हा अर्ज.

८. सध्याची स्थिती अशी आहे. दवाखान्याने तात्पुरते दिलेले बूट एक माप मोठे आहेत आणि त्यांची पट्टीही ढिली आहे. टाच आत टिकत नाही, बूट निसटतो, टाचेला फोड आला आहे. मापाचे नवीन बूट तयार व्हायला तीन आठवडे लागतील. डॉक्टर म्हणतात, एवढे दिवस पाय सैल राहिले तर पावले वळायला लागतील आणि पुन्हा प्लास्टर घालावे लागेल. पट्टी मी अर्ध्या तासात बनवून देतो, असे मी त्यांना म्हणालो. ते म्हणाले, "आजोबा, टेबलखुर्च्या तुम्ही करा, पाय मला करू द्या." बरोबर आहे त्यांचे. पण चाळीस वर्षे हातात पटाशी धरलेल्या माणसाने नातीच्या सैल बुटाकडे बघत बसायचे, याला काय म्हणावे? भिंगरी आता बदकाकडे जात नाही. मी ते तिच्या हातात दिले तरी बाजूला ठेवते. मला भीती वाटते, साहेब. सुनेसमोर बोललो नाही, आपणास लिहितो.

९. दि. ६ रोजी दुपारी साडेचारला दार वाजले. दारात खालच्या मजल्यावरील तक्रारदार बाई. या निवृत्त टंकलेखन शिक्षिका आहेत. मी भांडणाच्या तयारीने बाह्या सरसावल्या. त्या म्हणाल्या, "दोन दिवस वरून काही आवाज नाही. म्हटलं, म्हाताऱ्याचं काही बरंवाईट तर झालं नाही ना?" मी बाजूला झालो. सैल बुटांत बसलेली पोर त्यांना दिसली. त्या तिथेच फरशीवर बसल्या. मी सगळे सांगितले. त्यांनी डोळे पुसले आणि मग मला असे फैलावर घेतले की माझ्या आईनंतर कोणी घेतले नव्हते. "आधी सांगायला तोंड शिवलं होतं का तुमचं? मी वर छताकडे बघून रोज शिव्या घालत होते, आणि ते लेकरू रांगत होतं होय!" महोदय, खरे सांगायचे तर आम्ही कोणालाच सांगितले नव्हते. बाहेर नेताना तिच्या पायांवर दुपटे टाकायचो. जिन्यात कोणी भेटले तर ते आणखी खाली ओढायचो. लोक काय म्हणतील, ही धास्ती. लपवण्यासारखे त्यात काही नव्हते. चूक माझी आहे आणि ती मी लेखी कबूल करतो.

बाईंनी आपली तक्रार मागे घेतली असून पत्र सोबत जोडले आहे. हा अर्जही त्यांनीच टंकलिखित केला आहे. माझे बरेच शब्द त्यांनी सौम्य केले, काही समूळ उपटले. त्यांचे म्हणणे असे की, विद्यार्थ्यांची टकटक ऐकण्यात तीस वर्षे गेल्याने ठोकणारा हात नवशिका आहे, हे त्यांना पहिल्या दिवशीच कळले होते. फक्त तो हात नसून पाय आहे, एवढेच कळले नाही.

१०. तरी विनंती की:

(अ) सदर बूट, पट्टी व त्यावरील फाटके कापड, जसेच्या तसे, सोमवारी कार्यालय उघडताच मिळावेत. मी साडेनऊपासून जिन्यात उभा राहीन.

(आ) भिंगरी हिच्या नावे आवाजाचा परवाना मिळावा. कामाचे स्वरूप: रांगणे, नंतर उभे राहणे, नंतर चालणे. वेळ: तिच्या मर्जीप्रमाणे. मुदत: पळू लागेपर्यंत. पळू लागल्यावर जो आवाज होईल, त्यासाठी नवीन अर्ज करू.

(इ) निरीक्षक महाशयांनी आपले यंत्र घेऊन पुन्हा यावे. या वेळी दुपारी चारला, खालच्या मजल्यावर. बाई त्यांच्यासाठी खुर्ची मांडून ठेवतील. सोळा दणके मोजून घ्यावेत. दणके सोळाच्या खाली आले तर समजावे की पोरीचा वेग वाढला. एक दिवस वरून दणका न येता नुसती पावले वाजतील. ती आधी कोणाला ऐकू येणार, यावरून बाईंची आणि माझी आत्ताच जुंपली आहे.

मालकाच्या सहीचा मुद्दा राहिला. मालकास अंगठा द्यायला सांगितले असता तिने तो तोंडात घातला. म्हणून आज आंघोळीच्या तासात, खालच्या बाईंकडच्या शिक्क्याच्या शाईने, दुसरी सोय केली आहे. ती सोबत क्रमांक ५ वर पाहावी.

आपल्या उत्तराकडे कान लावून बसलेला, नम्र,

(सही)
निवृत्त सुतार, भिंगरीचा आजोबा
शनिवार, दि. ७

सोबत:
१. सुतारकामाचा परवाना परत केल्याची पोच.
२. जप्ती पावतीची प्रत.
३. पहिला अर्ज, कोपरा वजा.
४. तक्रार मागे घेतल्याचे बाईंचे पत्र.
५. मालकाची सही: उजव्या व डाव्या पावलाचा ठसा, आजचा. दोन्हीकडे टाच, तळवा आणि पाचही बोटे उमटली आहेत.
६. तुलनेसाठी: जन्माच्या दिवशी दवाखान्याने घेतलेला दोन्ही पावलांचा ठसा. यात फक्त बाहेरची कड उमटली आहे. हे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून जप्ती पावतीवरील "उपयोग" हा रकाना भरून घ्यावा.