खिळ्यांचे बूट

अख्खी शर्यत बघितली आणि तुझं तोंड एकदाही दिसलं नाही. बर्फावर ती बॉबस्लेची घसरगाडी ढकलायची तू, उडी मारून मागे बसायचं, मान खाली घालायची, आणि टीव्हीवर दिसायचं पुढे बसून ती वळवणाऱ्या बाईने. ही कुठली रीत?

प्रिय चारुता,

तिसरा नंबर म्हणजे चांगलाच म्हणे. इथे घरी, ट्रुगानिनात, शेजारची सरिता विचारत होती, शंभर मीटर धावणारी मुलगी घसरगुंडीवर कशी गेली. मी म्हटलं, आधी धावावं लागतं, मग घसरता येतं. तुला वजन वाढवायला सांगितलंय ना? आयुष्यात पहिल्यांदा कुणी शहाण्यासारखं सांगितलं. डिंकाचे लाडू पाठवतेय.

शर्यत मी भास्करबरोबर बघितली. पाच वर्षं तू बापाशी धड बोलत नाहीस. तरी तू ढकलायला लागलीस तसा तो सोफ्यावरून उठला, तो शेवटपर्यंत बसला नाही. मग तेवढीच सुरुवात मागे नेऊन नेऊन सहा वेळा पाहिली. ''स्टार्ट मस्त झाला, आई,'' एवढंच बोलला आणि गाडी धुवायला गेला. सकाळीच धुतली होती.

आता मुद्द्याचं. पाच वर्षांपूर्वी स्टेटच्या धावण्याच्या शर्यतीच्या दिवशी तुझे खिळ्यांचे बूट सापडले नाहीत. मैत्रिणीचे घालून धावलीस, पाचवी आलीस, टीम हुकली. धावण्यापायी युनिचा अभ्यास बुडतो म्हणून बाबा तुला ओरडला होता, म्हणून तू त्यालाच जबाबदार धरलंस. तो म्हणाला, ''हो, मीच टाकले.''

त्याने नाही टाकले. मी टाकले. आदल्या सकाळी, कचऱ्याची गाडी यायच्या आधी, लाल झाकणाच्या डब्यात. खिळ्यांनी फरशी खरवडली जाते, हे आपलं मनाला सांगायला. खरं म्हणजे तू निवडली गेलीस की घर सोडशील, ही भीती. आता त्याहून लांब, बर्फात जाऊन बसलीस. माझी अक्कल.

डब्यापाशी मला भास्करने पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तू बूट शोधायला लागलीस तेव्हा त्याला उमगलं. तू तेव्हा माझ्या हातचंच जेवायचीस. आजीवरून तुझं मन उडू नये म्हणून त्याने स्वतःवर घेतलं, आणि मी घेऊ दिलं. माफी मागायची मला सवय नाही, पत्रात शोधत बसू नकोस. पण परवा त्याला टीव्हीसमोर तसा उभा पाहिला आणि गप्प राहणं जमेना.

तुझीच, बूट टाकणारी
आजी

या पत्राचं उत्तर मला पाठवायचं नाही. बाबाला फोन करायचा, आजच.