आबांच्या मडक्यातली मूठ

वर्षाराणी,

मी मंडळात धान्याच्या पिशव्या भराले जाऊन राह्यली. अडचणीतल्या घरांसाठी दर महिन्याले भरतो, त्याच. ह्या खेपेले एक पिशवी आपल्या घरची हाय. यादीत नाव मीच लिहिलं. तुहे बाबा गेल्याले तीन महिने झाले, डबे खडखडून राह्यले. दुसरं काही सुचलं नाही.

संगीताकाकू दुपारी पिशवी घेऊन येईल. आबा झोपून उठाच्या आधी तांदूळ-दाळ डब्यात ओतजो अन् पिशवी चुलीत घालजो. तिच्यावर मंडळाचं नाव हाय. आबाले कळलं त ते जेवणार नाहीत.

टोपल्यात भाकर हाय, खाऊन घेजो.

अन् आबानं मंडळाले द्याले ठेवलेल्या मडक्यात आजची मूठ त्याच तांदळातली टाकजो. ते रोज संध्याकाळी आत हात घालून पाहतात.

आई